लांडग्याच्या मेंढ्या

हिवरदऱ्याच्या टेकडीवर सात मेंढ्या आहेत. त्या कोणाच्याच नाहीत. प्रत्येकीच्या डाव्या कानाला खाच आहे. त्यांची लोकर कधी कातरलेली नाही, त्यामुळे ती पोटाखाली लोंबते आणि तिच्यात कुसळे अडकलेली असतात. सातांत एकही मेंढा नाही. म्हणून त्यांना कोकरे होत नाहीत, त्या नुसत्या म्हाताऱ्या होतात. टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला एक बीळ आहे. पावसाळा संपला की गावातली माणसे त्याच्या तोंडाशी साचलेली माती हाताने उपसून काढतात. तिथे एक दगडसुद्धा राहू देत नाहीत.

आमच्या मुलींच्या शाळेची सहल माणदेशातल्या या माळावर पवनचक्क्या पाहायला गेली होती. मेंढ्यांची हकिकत आम्हाला तायाप्पांनी सांगितली. ते इथले धनगर आहेत, सत्तरीच्या पुढचे. बिळापासून थोड्या अंतरावर ते घोंगडी टाकून बसले होते आणि त्यांच्यासमोर एक लहान कोकरू चरत होते. आमच्यातली शर्वरी त्याला उचलायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "नगं धरू पोरी. लांडग्याचं हाय ते."

"मग लांडगा कुठाय, आजोबा?"

"त्येचीच वाट बगत बसलोय. तुमची गाडी दिसली, म्या म्हनलं त्योच आला का काय गाडीत बसून."

सगळ्या हसल्या. सर म्हणाले, बसा खाली, ऐका. मग तायाप्पांनी सांगितले ते असे.

त्यांच्या पणजोबांच्याही आधी या माळावर गुडघ्याएवढे गवत होते, आणि गवत होते म्हणून लांडगेही होते. तायाप्पांच्या घराण्यातला धुळा नावाचा पुरुष तेव्हा इथे मेंढरे राखत असे. म्हाकूबाई ही त्याची बायको. तिला दोन महिन्यांची लेक होती. एका वर्षी लांडग्याने धुळाची सहा कोकरे नेली म्हणे. धुळाने माग काढला, तो या बिळापर्यंत आला. आत पिल्ले होती आणि मादी बाहेर गेली होती. त्याने वाळके गवत आत कोंबून पेटवले आणि तोंडावर दगड रचून टाकले.

मादी दिवस मावळायच्या आत परतली. तिने दगड उकरायचा प्रयत्न केला, पण दगड मोठे होते. मग ती तिथेच बसून राहिली. पालावरून ती दिसत होती. ती ओरडली नाही, मेंढरांवरही आली नाही. तीन दिवस झाले तरी नुसती बसून होती, असे सांगतात.

तिसऱ्या दिवशी मेंढ्या कोकरांना पाजेनाशा झाल्या. कोकरू कासेला लागले की लाथ मारून दूर जायच्या. धुळाने मेंढीचे पाय धरून कोकरू लावून पाहिले, तर कासेत दूधच नव्हते. चौथ्या दिवशी म्हाकूबाईचे दूध आटले. लेक रडून रडून गप्प झाली.

"औषध बगतो," धुळा म्हणाला.

"कशावरचं औषध?" म्हाकूबाई म्हणाली. "दगडं तू रचलीस. आता दूध बी तूच आण."

ती लेकीला पाठीशी बांधून एकटीच टेकडीवर गेली. मादी उठून चार पावले मागे सरकली, पण गेली नाही. म्हाकूबाईने दगड एकेक करून काढले आणि आत हात घातला. पिल्ले चार होती. एकही जिवंत नव्हते. तिने ती चारही आईपुढे ओळीने ठेवली. मग म्हणाली, "ही मला परत आणता येत न्हाईत. माझ्याकडं देन्याजोगं एकच हाय. दरसाली माझ्या कळपातली पहिली मादी तुझी. तू नेईस्तोवर ती तुझीच. आमी तिला कापनार न्हाई, इकनार न्हाई, तिची लोकर घेनार न्हाई."

धनगराला त्या साली जन्मलेले पहिले मादी कोकरू देणे सोपे नसते, कारण माद्यांवरच कळप वाढतो. म्हाकूबाईने त्याच संध्याकाळी कोकराचा कान खाचून ते बिळाशी सोडले. सकाळी कोकरू नव्हते, मादी नव्हती, आणि पिल्लेही नव्हती. पालावर आल्यावर लेक तिच्या अंगावर प्यायली. तेव्हापासून धुळाच्या वंशातल्या कळपावर लांडगा आला नाही, असे म्हणतात. त्याचा वाटा त्याला बिळाशी मिळत असे.

तायाप्पा थांबले. सरांनी विचारले, "शेवटचं कधी नेलं?"

"अकरा वर्सं झाली. माळ नांगरला, मग ह्ये पंखे आले, रस्ता आला. रस्त्यावर एक मरून पडल्याला म्याच बगितला. त्येच्यानंतर न्हाई."

"मग आता बंद करा की," शर्वरी म्हणाली.

"देवरुशाला इचारून आलो, बाय. त्यो म्हनला, देवाला शब्द दिला असता तर देवानं सोडवला असता. तू लांडग्याला दिलाय, त्यालाच इचार."

"आणि दूध आटलं का कोणाचं?" मागून कोणीतरी विचारले.

"न्हाई आटलं," तायाप्पा म्हणाले. त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "आटलं असतं तर निदान कळलं असतं, कुनीतरी रागावलंय म्हनून."

तेवढ्यात पवनचक्कीखालून तीन कुत्री वर येताना दिसली. रस्त्याकडेच्या ढाब्यावरची ती कुत्री आता कळपाने फिरतात. सोडलेल्या कोकरांपैकी चार त्यांनीच फाडली, असे तायाप्पांनी सांगितले. ते उठले, दगड भिरकावला आणि हाकारे घालत खाली धावले. कोकरू त्यांच्या मागे मागे गेले. परत येऊन ते घोंगडीवर बसले, तेव्हा त्यांना दम लागला होता.

सर हळूच म्हणाले, "पण तुम्ही इथे बसलात तर लांडगा असला तरी येणार नाही."

"ठावं हाय," तायाप्पा म्हणाले. "उठलो तर कुत्री येत्यात."

आजही दरसाली हिवरदऱ्यात पहिल्या मादीचा कान खाचतात आणि तिला बिळाशी सोडतात. सोडणारा माणूस संध्याकाळी घरी जात नाही. तो थोड्या अंतरावर बसून लांडग्याच्या वाट्याची राखण करतो.