घरच्या बंदराची गाठ

एका राज्यात जमीन थोडी आणि समुद्र फार होता. शेतं मोजकी, पण गलबतं इतकी की धक्क्यावर मावत नसत. राजाचं नाव हेमकेतू. मनाने मोठा, प्रजेवर जीव टाकणारा, पण सोनं दिसलं की त्याची मती गुंग व्हायची. असतो एखादा असा, काय करणार!

त्या राज्यातले नाखवे, म्हणजे गलबतांचे मुख्य, भर समुद्रात घरची वाट शोधत ती एका लाकडी फळीवर. फळी तळहाताएवढी. मधोमध भोक, भोकातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर धरायची. खालची कड समुद्राच्या रेषेला टेकली आणि वरच्या कडेला ध्रुवतारा टेकला, की समजायचं, त्या गाठीचं बंदर आता सरळ बाजूला आलं. मग सुकाणू वळवायचं आणि जायचं. प्रत्येक बंदराची गाठ वेगळी.

परमुलखातल्या बंदरांच्या गाठी नाखवा स्वतः बांधी. घरच्या बंदराची गाठ मात्र त्याने बांधायची नाही, अशी रीत होती. निघायच्या आदल्या सांजेला तो धक्क्यावर उभा राही, फळी ताऱ्याला लावी, दोरी दातात धरी, आणि घरी वाट पाहणारं जे माणूस असेल ते नेमकी त्याच्या ओठांशी गाठ बांधी. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप. दोरी दातात, म्हणून नाखव्याचं तोंड बंद. जे काय बोलायचं ते गाठ बांधणाऱ्याने.

आणि बोलण्यात सागुणेचा हात धरणारं त्या राज्यात कुणी नव्हतं. गोमाजी नाखव्याची ही बायको. गाठ घालता घालता तिचं चालू असे, "वारा सुटला की कान बांधा. खलाशांवर उगाच ओरडू नका. उघड्यावरचं काहीबाही खाऊ नका. आणि वेळेवर जेवत जा, ऐकताय ना?" गोमाजी नजर ताऱ्यावर ठेवून नुसतं "हूं, हूं" करी. गाठ बांधून झाली तरी तो दोरी दातातून लवकर सोडत नसे. का सोडत नसे, हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं.

असं सगळं सुखाने चाललं असताना एके दिवशी तमोनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. अंगावर काळी कफनी, हातात सोन्याची फळी. म्हणाला, "राजा, हिला दोरी नको, गाठ नको, कुणाचे दात नकोत. बंदराचं नाव घ्यावं, बंदर समोर आलं की ही आपणहून झळकते. तुझ्या सगळ्या गलबतांना पुरतील एवढ्या देतो."

"मोल काय घ्याल?" राजाने विचारलं.

"काही नको. जुन्या फळ्या तेवढ्या समुद्रात टाकायच्या."

राजाला वाटलं, घबाड मिळालं! त्याने दवंडी पिटवली. फळ्या समुद्रात गेल्या. पहिल्या गलबतावर खुद्द युवराज निघाला, मागोमाग बाकीची गलबतं निघाली.

गोमाजी निघाला त्या सांजेला दातात दोरी नव्हती. तोंड अगदी मोकळं. पण मोकळ्या तोंडाने निरोप कसा घेतात, हे त्या बापड्याला कुठे ठाऊक! "बरं, येतो," एवढंच म्हणाला. सागुणाही गप्प. तिचे हात रिकामे होते, आणि हात रिकामे असले की तिला शब्द सुचत नसत. 'जेवत जा' हे सांगायचंच राहून गेलं. घरी आल्यावर आठवलं, तेव्हा शीड ठिपक्याएवढं झालं होतं.

परतीचा हंगाम आला आणि गेला. एकही गलबत आलं नाही. राजा गच्चीवर उभा राहून वाळत चालला. सागुणा रोज धक्क्यावर जाई आणि तशीच परत येई.

तिच्या अंगणात एक कुरव यायचा. कुरव म्हणजे समुद्रावरचा तो पांढरा पक्षी. सागुणा त्याला मासळीची डोकी टाकी. एके दिवशी तो खाता खाता म्हणाला, "बाई, आज मीठ जास्त पडलं."

"फुकटचं खातोस आणि नावं ठेवतोस?" सागुणा म्हणाली. मग तिने निरखून पाहिलं. "तू आहेस तरी कोण?"

"कुणाचा तरी मुलगा होतो. कुणाचा, ते विसरलो. सोन्याची फळी सगळी बंदरं दाखवते, घरचं तेवढं दाखवत नाही. मग गलबत नुसतं फिरत राहतं. आधी माणूस घराची वाट विसरतो, मग घरच्यांची नावं, मग स्वतःचं नाव. सगळं गेलं की पंख फुटतात."

सागुणा हातातली मासळी टाकून जवळ आली. "आणि आमचे नाखवा?"

"गोमाजी ना? तो अजून माणूस आहे. त्याला एकच गोष्ट उरली आहे. ताट पुढे आलं की थबकतो, म्हणतो, कुणीतरी मला काहीतरी सांगायचं राहिलं. अमावास्येपर्यंत हेही विसरेल."

सागुणेने डोळे पुसले, पदर खोचला आणि थेट राजापुढे जाऊन उभी राहिली. सगळं ऐकून राजाने आपली तलवार पुढे केली. "ही घेऊन जा."

"तलवार नको, महाराज. एक होडी द्या."

कुरव पुढे, होडी मागे. काळ्या खडकावर तमोनाथाचा दगडी मनोरा होता. सागुणेने दाराची कडी वाजवली. मांत्रिकाने दार उघडलं.

"का आलीस?"

"माझा नवरा न्यायला आले."

"तीन कामं कर, सगळी गलबतं सोडतो. एक जरी चुकलं, तर तुलाही पंख."

"सांगा," सागुणा म्हणाली.

तमोनाथाने तिला एक दगडी वाडगं दाखवलं. वाडग्यात तेल, तेलात लोखंडाचा मासा. असा मासा कुठेही ठेवा, तोंड उत्तरेकडे करून थांबतो, म्हणून जाणते लोक तो गलबतावर बाळगीत. "हा कित्येक वर्षं हलला नाही. मी सगळे मंत्र घालून पाहिले. याला हलव."

सागुणेने तेलात बोट घातलं आणि तिला हसू आलं. "अहो, खोबरेल थिजलंय! केवढा हा गारठा तुमच्या घरात. चूल तरी पेटवता की नाही?" तिने वाडगं उचललं, पोटाशी धरलं, वरून पदर घेतला आणि बसून राहिली. तेल हळूहळू पातळ झालं. माशाने शेपटी हलवली, गर्रकन उत्तरेकडे वळला आणि म्हणाला, "हुश्श! अंग आंबून गेलं होतं."

मांत्रिकाने भुवई चढवली. मग भिंतीवरचा यंत्रराज खाली घेतला. पितळेचं जाळीदार चाक, त्याच्यावर आकाशातला एकेक तारा कोरलेला. कुठला तारा केव्हा उगवेल, किती वर चढेल, केव्हा मावळेल, सारं तो सांगे. त्याला त्याचा गर्वही होता. तमोनाथ म्हणाला, "याला उत्तर येणार नाही असा प्रश्न विचार. विचारून विचारून मोठमोठे राजे हरले."

"विचार," यंत्रराज म्हणाला. "सगळं माझ्या तोंडावर असतं."

सागुणेला काही शहाणपणाचं सुचेना. तिच्या मनात जे रोज येत होतं तेच ओठांवर आलं. "माझा नवरा जेवला का?"

यंत्रराजाचं चाक एकदा फिरलं. उलटं फिरलं. काटा आकाशभर धावला आणि थांबला. "बाई," तो बारीक आवाजात म्हणाला, "हे मला कळत नाही." आणि त्याला स्वतःचंच वाईट वाटलं.

आता तिसरं काम. तमोनाथ आत गेला आणि काहीतरी कफनीत लपवून आला. बाहेर काढलं तर लाकडाची जुनी फळी. दोरीला परमुलखातल्या गाठी ओळीने होत्या, आणि एक जागा रिकामी.

"मीही नाखवा होतो," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्याच धक्क्यावरून निघायचो. सगळ्यांच्या गाठी बांधायला माणसं यायची. माझ्यासाठी कुणी आलं नाही. प्रत्येक खेपेला बाकीच्यांचे ओठ आणि गाठ बांधणारे हात बघत उभा राहायचो. मग म्हटलं, मला नाही तर कुणालाच नको. तिसरं काम हे, की हिला घरची गाठ बांध."

सागुणेचा जीव संतापाने नुसता धुमसत होता. "तेवढ्यासाठी माणसांची पाखरं केलीत?" पण त्याच्या हातातल्या दोरीवरची ती रिकामी जागा तिने अंगठ्याने चाचपली, आणि आवाज खाली आला. "इथे नाही बांधता येणार. घरची गाठ घरच्या धक्क्यावरच बांधतात. चला."

"तिथे मला मारतील."

"मी आहे ना. चला म्हणते ना!"

होडी धक्क्याला लागली तेव्हा सांज होत होती. पाण्याची रेष अजून दिसत होती आणि ध्रुव नुकताच उमटला होता. फळी लावायची ती याच वेळी, कारण अंधार पडला की रेष दिसेनाशी होते. मांत्रिक आला ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. माणसं काठ्या घेऊन धावली. राजा नंगी तलवार घेऊन आला.

तमोनाथाने दोरी दातात धरली, फळी ताऱ्याला लावली. कुरव सागुणेच्या कानाशी येऊन पुटपुटला, "बाई, त्याचं तोंड बंद आहे! मंत्र म्हणता येणार नाही त्याला. राजाला खूण कर, एका घावात संपेल."

सागुणेने पाहिलं. राजाची मूठ आवळलेली. अमावास्या तोंडावर आलेली. आणि समोर मांत्रिक. मारतील हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने दोरी सोडली नव्हती. गाठीसाठी तो तसाच उभा होता.

"महाराज, तलवार म्यान करा," ती म्हणाली. "चमक त्यांच्या डोळ्यांवर येते. तारा दिसायचा नाही."

राजाने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तलवार म्यान केली.

सागुणा पुढे झाली. दोरी बोटांत आली, हाताला काम मिळालं, आणि इतके दिवस अडलेलं तिचं बोलणं सुटलं. "हात हलवू नका. असं कुणी राहतं का एकटं, थंड दगडात? ना चूल, ना पोतेरं. कान बांधत जा. मनात काही आलं तर माणसाजवळ येऊन बोलावं, शाप कसले देता? हे बंदर आता तुमचं. कुठेही गेलात तरी इथे यायचं, उशीर झाला तर मी ओरडणार." तिने गाठ ओठांशी सरकवली, आवळली, आणि सवयीने म्हणाली, "आणि वेळेवर जेवत जा. ऐकताय ना?"

"हूं," मांत्रिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने तारा सोडला नाही.

गाठ पक्की बसली आणि शाप सुटला. कुरव धपकन खाली पडला तो माणूस होऊन, आणि पाहतात तर युवराज! तोंडात अजून मासळीचं डोकं होतं, ते त्याने घाईने थुंकलं. "बाबा!" म्हणून हाक मारली आणि राजाने त्याला मिठी मारली. धक्काभर पाखरं उतरत होती आणि माणसं होत होती.

तेव्हा भर समुद्रात गोमाजी ताटापुढे थबकून बसला होता. हे त्यानेच मागाहून सांगितलं. त्याच्या कानात अगदी स्पष्ट आवाज आला, 'वेळेवर जेवत जा.' त्याने दचकून वर पाहिलं. सोन्याच्या फळीची लाकडी फळी झाली होती, आणि दोरीला सागुणेच्या हातची गाठ होती. तो तसाच ताटावरून उठला. त्याच्या गलबतामागे सगळी गलबतं लागली.

अमावास्येच्या आदल्या सांजेला शिडं दिसली. सर्वांत पुढे गोमाजी, दातात दोरी. गलबत धक्क्याला टेकलं, दोर बांधले गेले, खलाशी उतरून आपापल्या माणसांना बिलगले, तरी हा आपला दोरी सोडेना. सागुणा शिडीवरून धावत गलबतावर गेली. हसावं की रडावं तिला कळेना.

"जेवलात का?" तिने विचारलं.

गोमाजीने मान हलवून नाही म्हटलं. मग दोरी दातातून काढली, मुठीत नीट गुंडाळली आणि म्हणाला, "तू सांगितलंस, आणि तसाच निघालो. घरी जेवू म्हटलं."

राजाने पुढे सोन्याचं नाव काढलं नाही. तमोनाथाने धक्क्याजवळ घर केलं, त्यात चूल होती. गलबतं परतली त्या दिवशी मात्र त्याचं पान सागुणेकडेच वाढलेलं होतं, गोमाजीच्या शेजारी. यंत्रराज त्याच्या कफनीत होता. त्याला राहवेना.

"बाई," आतून आवाज आला, "जेवला का तो?"

सागुणेने गोमाजीच्या पानावर दुसऱ्यांदा भात वाढला. "हो रे," ती म्हणाली, "जेवतोय."

ती गलबतं जशी आपल्या धक्क्याला लागली, तशी ज्याची त्याची माणसं ज्याच्या त्याच्या घरी, पानं वाढलेली असताना, सुखरूप येवोत.