एका कळीचे दोन मालक

फार वर्षांपूर्वी एका छापखान्यात कामाला असताना मी कळफलकाची टकटक ऐकायचो. तिथल्या संगणकात एक म्हातारा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, राहायचा. छापखान्यातल्या कुमुदताई त्याच्यात मजकूर लिहीत. त्यांनी त्याला दोन छोटे मदतनीस प्रोग्रॅम जोडले होते. एक चुका दाखवायचा, दुसरा अर्धा शब्द पुरा करायचा. पण कामाला लागायची खूण म्हणून दोघांनी कळफलकावरची एकच कळ धरली होती. ताईंनी ती दाबली की दोघे एकदम धावत आणि एडिटर अडकून पडे.

"कळ माझी," चुका दाखवणारा म्हणाला. "तू तर काल आलास."

"काल आलो, पण काम जास्त करतो, आजोबा," शब्द पुरा करणारा त्याला चिडवत म्हणाला.

"बाबांनो, आज पुन्हा अडकलो तर ताई मला काढून टाकतील," एडिटर म्हणाला.

ताईंचं बोट कळीवर आलं. चुका दाखवणाऱ्यानं एडिटरकडे एकदा पाहिलं, कळ सोडली आणि तो निघून गेला.