किती देते?

एकदा एक शिष्य गुरूपुढे हात जोडून उभा राहिला आणि व्याकुळ स्वरात म्हणाला, "आप्पा, मला सोडवा."

"कशातून? संसारातून?"

"संसार अजून सुरूच कुठे झालाय! कंपनीच्या गाडीतून."

हे आप्पा म्हणजे हिमालयातले कोणी सिद्धपुरुष नव्हेत. मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवून थकलेले गृहस्थ. अर्ध्या तालुक्याला त्यांनी क्लच हळू सोडायला शिकवले. ज्याला क्लच हळू सोडता येतो त्याला बाकीचेही सोडता येते, असे ते सांगत. खरे असेल, मला अजून दोन्ही जमलेले नाही.

शिष्य त्यांच्याच हाताखाली गाडी शिकला आणि एका पशुखाद्य कंपनीचा विक्री प्रतिनिधी झाला. कंपनीने त्याला डिझेलची गाडी दिली होती. तिचा आवाज गिरणीचा आणि चाल गाभण गाईची. पाय दाबला की ती आधी विचार करी, मग निघे. दोन्ही दारांवर हसऱ्या म्हशीचे चित्र. गुण एकच: लिटरला चोवीस किलोमीटर. इतकी कमी पिई, की पंपावरची माणसे शिष्याला दर खेपेला नवे गिऱ्हाईक समजत.

"दोन स्थळं या गाडीनं घालवली, आप्पा. म्हशीतून उतरणारा जावई कोणाला हवाय? आता रविवारी तिसरं. ही मुलगी मला मनापासून आवडलीय. डेअरीत दूध तपासते. फोनवर दोनदा बोललो. ही हातची गेली तर..."

"तर काय करशील?"

"काय करणार? हीच गाडी चालवीन." शिष्याने डोळे पुसले. "म्हणून मित्राची पांढरी गाडी मागून घेतलीय. छत उघडणारी. वडीलधारे म्हणून तुम्ही चला."

रविवारी आप्पा इस्त्रीचे धोतर नेसून आले. पांढरी गाडी दारात उभी होती. "जरा चालवून बघतो," म्हणाले आणि वळणाआड गेले. पंधरा मिनिटांनी आले ते पायी, पेढा खात.

"गाडी कुठंय?"

"ज्याची होती त्याला दिली. छान आहे हो! त्यानं पेढा दिला."

"आप्पा! अकराची वेळ दिलीय! थांबा, त्याला फोन करतो."

"करू नकोस. तो बायकोला घेऊन सासुरवाडीला निघाला. मीच सुचवलं."

काय करणार बिचारा! निघाले म्हशीतून. घाटात त्यांना उसाच्या ट्रॅक्टरने मागे टाकले. ट्रॉलीवरच्या बायांनी हात हलवून निरोप दिला.

मुलीचे वडील चाळीस म्हशींचे धनी. अंगणात येऊन ते गाडीच्या दारापाशी थबकले, चित्र निरखून पाहिले आणि म्हणाले, "पावणं, किती देते?"

शिष्याला हा प्रश्न रोज दहा जण विचारत. तो सवयीने म्हणाला, "चोवीस."

"चोवीस!" म्हाताऱ्याचा आवाज आदराने खाली आला. "दोन्ही वेळचं मिळून?"

"छे, एका लिटरला."

"लिटरला? कशाच्या?"

"डिझेलच्या."

म्हाताऱ्याने आप्पांकडे पाहिले. "म्हशीला डिझेल पाजता तुम्ही?"

घरात कोणाच्या तरी हातून कपबशी निसटली आणि पाठोपाठ मोठ्याने हसणे ऐकू आले. पोह्यांचा ट्रे तसाच ठेवून मुलगी ओसरीवर आली. "बाबा, ते गाडीचं सांगतायत." मग शिष्याकडे वळून म्हणाली, "आणि एसी लावला तर?"

"अठरा."

"घाटात?"

"चढते. पण मनाविरुद्ध."

"मीही सकाळी तशीच उठते. अजून काय खोट आहे?"

खोट लपवायची सोयच उरली नव्हती. शिष्याने गाडीची सगळी गाऱ्हाणी सांगितली. सांगता सांगता गाडी संपली, तरी तो थांबेना. "आणि माझी नोकरी अजून कायम नाही. वर्षभर बाकी आहे. राहील का, मलाही माहीत नाही. आधीच्या दोन ठिकाणी हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना नंतर बाहेरून कळलं."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, किटलीतल्या दुधाकडे बघावे तशी. तिचे वडील घसा खाकरून म्हणाले, "बरं, कळवतो."

स्थळाच्या बाबतीत 'कळवतो' म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याने सुखाने जगावे. शिष्याला माहीत होते. त्याने चपला शोधायला सुरुवात केली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "कळवायचं काय त्यात? मी इथंच उभी आहे. मला चालतंय."

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले, "आप्पा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

आप्पा म्हणाले, "स्थळं गाडीनं मोडली नव्हती एवढं माहीत होतं. लेका, चकचकीत वस्तूची निराशा हप्त्याहप्त्यानं येते. आज हे, उद्या ते. तुझ्या गाडीनं ती पहिल्याच दिवशी एकरकमी देऊन टाकली. त्यानंतर तिनं तुला एकदा तरी फसवलंय? माणसानंही आपली निराशा दारातच उतरवून ठेवावी आणि मग आत जावं. आत गेल्यावर उतरवली तर लोक तिला दगा म्हणतात."

मागून एक बस हॉर्न देत होती. शिष्याने खिडकीतून हात बाहेर काढून तिला पुढे जायला सांगितले. पूर्वी असे करताना त्याचे कान तापत. आज त्याने बसच्या ड्रायव्हरला रामराम केला.

वाचकहो, तुमचेही काही घरी सांगायचे राहिले असेल. चहा व्हायच्या आत सांगून टाका.