एका दराची कल्हई

हुकूम ऐकून शिरगोंडीचा बाजार आधी हसला. थट्टा असेल असं वाटलं. दवंडीवाल्याने तो पुन्हा वाचला, तेव्हा हसू थांबलं.

'संस्थानातील प्रत्येक दुकानदाराने आपला हिशेब सरकारमान्य हिशेबनिसाकडूनच लिहवून घ्यावा. मेहनताना सालाचे साठ रुपये. दुकान लहान असो वा मोठे, दर एक. न देणाऱ्याची हत्यारे जप्त!'

सरकारमान्य हिशेबनीस म्हणजे दिवाण त्रिंबकपंतांचे भाचे. पंतांना बहिणी पुष्कळ होत्या, आणि एकाही भाच्याला अजून काम लागलेलं नव्हतं.

सराफाला साठ रुपये म्हणजे पानसुपारीचा खर्च. पण रायबा कल्हईवाल्याच्या हाती सालभरात तेवढे उरतच नसत. आणि त्याचं हत्यार म्हणजे चामड्याचा एक भाता. भाता गेला की भट्टी विझणार, आणि भट्टीपाठोपाठ घरची चूल.

"मी जाते दरबारात," रायबाची मुलगी धुरपा म्हणाली.

"जाऊन सांगशील काय?"

"तिथं गेल्यावर सुचेल. इथं बसून तुम्हाला तरी कुठं काय सुचलंय, आबा?"

राजे चंद्रोजीराव मनाने वाईट नव्हते. फक्त, एकदा बोललेलं मागे घेणं हा ते घराण्याचा अपमान समजत, आणि बोलायच्या आधी विचार करणं हा वेळेचा अपव्यय.

"सरकार, साठ रुपये आम्हाला झेपत नाहीत," धुरपा म्हणाली.

"मग काय, सराफाला एक दर नि न्हाव्याला दुसरा लावू? एक राज्य, एक राजा, एक दर! त्यात वाईट काय, ते दाखव. दाखव म्हणतोय, सांग नव्हे. सांगणारे इथं पगारावर आहेत! आणि दाखवलंस, तर खरा दर काय असावा तेही एका दमात सांगायचं. सराफापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना लागू पडला पाहिजे. नाही जमलं, तर भाता जप्त!"

पंतांनी समाधानाने मिशीवरून बोट फिरवलं. असा दर काढणं त्यांनाही जमलं नव्हतं. म्हणून तर साठ रुपये ठरले होते.

धुरपाची नजर मुदपाकखान्याच्या दाराकडे गेली. तिथे भांड्यांचा डोंगर रचला होता. राजकन्येच्या सासरची मंडळी जेवायला यायची होती आणि निम्म्या भांड्यांची कल्हई उडालेली.

"सरकार, त्या भांड्यांचं काम मला द्या. दर तुम्हीच ठरवा. पण एकच!"

राजे खूश झाले. "भांड्याला चार आणे! वाटी असो की हंडा!"

हंड्याला एरवी दोन रुपये पडत. पंतांनी अत्यानंदाने करार लिहून घेतला.

मागच्या अंगणात भाता फुसफुसू लागला. नवसागराचा पांढरा धूर थेट दिवाणखान्यात शिरला. धुरपाने आधी वाट्या घेतल्या. मग फुलपात्री, मग पळ्या. मग कुणाच्या ध्यानातही नसलेला राजकन्येचा भातुकलीचा अख्खा संसार माळ्यावरून उतरवला आणि त्यातली बोटाएवढी भांडीसुद्धा चांदीसारखी लखलखवली. सर्वांत शेवटी हंडे-तपेली.

पंगत बसली, व्याही स्थानापन्न झाले, आणि मुदपाकखान्यातून धुरपाचाच आवाज आला, "थांबा! कढी वाढू नका, तांब्यानं कळकलीय!"

राजे स्वतः उठून गेले. तपेल्यात कढी हिरवट दिसत होती. ती ओतून टाकल्यावर तळाशी भाकरीएवढी कल्हई चमकली. बाकी सगळं तांबडंलाल तांबं.

"हे काय?" राजे ओरडले.

"चार आण्यांची कल्हई, सरकार. तेवढ्यात कथील तिथवरच पोचतं. मी आचाऱ्यांना सकाळीच सांगितलं, यात आंबट शिजवू नका. ते म्हणाले, सरकारनं दर ठरवलाय, तो चुकेल कसा?"

"आणि हे काय?" पंत बिल नाचवत धावत आले. "भातुकलीच्या वाटीला चार आणे? बाजारात ती वाटीच दोन आण्यांना मिळते!"

"मिळते ना! आमचं दुकानही तेवढंच आहे, पंत. त्याला साठ रुपये लावताना तुम्हाला महाग वाटलं नाही!"

व्याह्यांना ठसका लागला. कढी न पिताच.

राजांनी ओठ दाबून धरले होते. "दाखवलंस. आता दर सांग. एका दमात!"

"भांडं पाहून!"

"म्हणजे?"

"आम्ही भांडं हातात घेतल्याशिवाय आकडा बोलत नाही, सरकार. भांडं केवढं नि काजळी किती, ते आधी पाहतो. हिशेबाचंही तसंच. वाटीएवढ्या दुकानानं वाटीचे द्यावेत, हंड्याएवढ्यानं हंड्याचे. जो महिन्याच्या महिन्याला हिशेब घासूनपुसून आणतो, त्याला स्वस्त पडेल. जो सालभराच्या चिठ्ठ्या पोत्यात कोंबून शेवटच्या दिवशी ओततो, त्यानं घासणावळ वेगळी द्यावी. आणि आकडा ठरवायचा तो भट्टी पेटवायच्या आधी, नंतर नाही!"

"सराफालाही लागू?"

"सराफालाही, न्हाव्यालाही."

"आणि समज, आमच्या दरबाराचाच हिशेब कुणाकडून लिहवून घ्यायचा झाला, तर काय पडेल?"

धुरपाने पंतांकडे एकदा खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार, सरकार. आधी घासावं लागेल. थर फार बसलेत!"

राजे हसले ते असे, की पंगतीतल्या लखलखीत वाट्या किणकिणल्या. व्याही हसले, आचारी हसले. पंतांना हसावंच लागलं.

हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. भातुकलीच्या वाट्यांसकट सगळं बिल चुकतं झालं, आणि वर रायबाला नवा कोरा भाता मिळाला.

"आजपासून मुदपाकखान्याची कल्हई कायमची तुमच्याकडे!" राजे म्हणाले. "दर बोल."

धुरपाने पदर खोचला आणि तपेल्यात डोकं घातलं.

"पाहून सांगते."