चंद्राक्काचे गडी

देसायांचा हुकूम होता, की ज्याच्या रानात नांगर फिरणार नाही त्याचं रान काढून घ्यायचं. चंद्राक्कानं मात्र नांगर कधीच सोडला होता. रानावर पाचोळा पसरून ती त्यातच बी टोकायची. हे कळताच देसाई घोड्यावरून तिच्या बांधावर आले.

"आळशाला जमीन शोभत नाही. रान सोड," ते म्हणाले.

चंद्राक्कानं खुरप्यानं ढेकूळ काढून दाखवलं. ते गांडुळांनी वळवळत होतं.

"नांगरणी चालूच आहे, सरकार. हे गडी रात्रंदिवस माती उकरतात."

देसायांनी हसत तिथं घागरभर पाणी ओतायला लावलं. ते बघता बघता मुरलं. शेजारच्या, नांगरून नांगरून पीठ झालेल्या त्यांच्याच रानात ओतलेलं पाणी मात्र तसंच साचून राहिलं.

देसाई ओशाळले. "यातले थोडे गडी माझ्याकडे पाठव."

"आत्ता पाठवते, सरकार. पण दरवर्षी तुम्ही त्यांची घरं मोडणार असाल, तर ते तिथं नांदतील कसे?"

देसाई खो खो हसत सुटले. चंद्राक्काचं रान तिच्याकडेच राहिलं आणि त्या साली देसायांचा नांगरही गोठ्यातच पडून होता.