हत्ती-मोरांचं बोंडलं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्याचं नाव विचारू नका, राजाचंही विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी काही उपयोग नव्हता. असली माणसं सगळ्याच राज्यांत असतात, म्हणून तर ही गोष्ट सांगताना माझं डोकं तापतं. पण सांगते. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष द्या.

त्या राजधानीत एक सोनारआळी होती. आळीत विसूशेट नावाचा चांदीचा कारागीर राहायचा. माणूस गुणी, हात देवाचा, पण स्वभाव भिडस्त. कुणी काही म्हणालं की याचं आपलं 'हो हो, करू की!'

आता चांदीवर चित्र कसं उठवतात ते आधी ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चांदीचा पत्रा राळेच्या थरावर पालथा बसवायचा आणि मागच्या बाजूनं बोथट खिळ्यानं हळूहळू ठोकत जायचं. मागून ठोकलं की पुढून फुगतं. म्हणजे बाहेर मोराचं पोट जितकं वर येतं, तितकाच आत खड्डा पडतो. सोनारआळीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

म्हणून त्या आळीचा एक नेम होता. ताटावर नक्षी करा, अत्तरदाणीवर करा, देवाच्या प्रभावळीवर हवी तेवढी करा. पण बोंडलं साधं ठेवा. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं इवलंसं भांडं. ते गुळगुळीत हवं, उघड्या तोंडाचं हवं, आत बोट घालून घासता आलं पाहिजे. शहाणा नेम होता. आता शहाणे नेम मोडायला माणसांना असा काय आनंद होतो, ते देव जाणे.

तर झालं काय, राजाला मुलगी झाली. राणी बाळंतपणात फार खंगली, तिला दूध येईना. बाळाला गाईचं दूध पाजायचं ठरलं. बाळाचं बोंडलं आत्यानं द्यायचं ही त्या घराण्याची रीत, म्हणून राजाची बहीण पालखीत बसून विसूशेटच्या दुकानी आली. सगळे तिला आत्याबाई म्हणत.

"विसूशेट, बोंडलं असं करा की बारशाला आलेल्या बायकांनी तोंडात बोट घातलं पाहिजे."

"करू की, बाईसाहेब," विसूशेट म्हणाला. "काठाला एक नाजूक वेल काढतो."

वेल ठीक होती. वरवर कोरलेल्या वेलीनं कुणाचं काही बिघडत नाही. पण आत्याबाई दोन दिवसांनी परत आली. वेल तिला भिकार वाटली. मोर हवेत म्हणाली, चांगले फुगलेले. विसूशेट म्हणाला, करू की. मग आली ती हत्ती हवेत म्हणत. करू की! मग म्हणाली, शेजारच्या राजाच्या नातवाच्या बोंडल्याला झाकण आहे, आपल्यालाही हवं, पक्कं बसवलेलं, आणि झाकणावर सिंह. दूध ओतायला वर एक भोक ठेवा म्हणजे झालं. आणि या शहाण्यानं त्यालाही मान डोलावली!

विसूशेटची बायको येसू आत भाकऱ्या थापत हे सगळं ऐकत होती. पालखी वळल्यावर ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"अहो, सहा हत्ती, आठ मोर, एक सिंह. म्हणजे आत खड्डे किती झाले?"

"पंधरा," विसूशेट खाली बघत म्हणाला.

"आणि वर झाकण. म्हणजे बोट आत जाणार?"

"नाही जाणार."

"मग दूध त्या खड्ड्यांत साचून राहील, ते काढणार कोण? हत्ती काढणार?"

"अगं, कळतंय मला. पण एवढ्या मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं म्हणायचं! आणखी कशानं म्हणतात?"

विसूशेटनं हातोडी उचलली. त्याच्या मनातलंही सांगते, नाहीतर म्हणाल, मी एकाच बाजूनं बोलते. तीस वर्षं त्यानं गुळगुळीत बोंडली ठोकली होती आणि एकाही माणसानं त्याच्या हाताचं कौतुक केलं नव्हतं. आता राजवाडा त्याचं काम बघणार होता. आतून दुसरा सपाट पत्रा बसवावा असंही त्याच्या मनात आलं होतं. पण मग बोंडलं जड झालं असतं, दूध चमचाभरच मावलं असतं, आणि बारसं तोंडावर आलेलं. तेव्हा त्यानं स्वतःची समजूत घातली की वाड्यात दहा दासी आहेत, घासतील कशातरी. घासतील कशातरी म्हणे! मला तर त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

त्यानं बोंडल्याची दोन अर्धी उठवली, डाख लावून जोडली, झाकण बसवलं आणि सगळं घासूनपुसून लखलखीत केलं. काम इतकं सुंदर झालं की येसूसुद्धा घटकाभर बघत राहिली. मग म्हणाली, "सुंदर आहे. देवघरात ठेवा. लेकराच्या तोंडी देऊ नका."

पण बारसं झालं, बायकांनी तोंडात बोटं घातली, राजानं विसूशेटच्या खांद्यावर शाल घातली. आत्याबाईचे पाय जमिनीला लागेनात.

दासी रोज ते बोंडलं रिठ्यानं घासत. बाहेरून. हत्तीची सोंड न् सोंड चमके. आत गरम पाणी घालून हलवत आणि ओतून देत. पाचव्या दिवशी बाळानं दूध ओकलं. सहाव्या दिवशी हगवण लागली. सातव्या दिवशी बोंडल्याची चोच ओठाशी नेली की बाळ मान फिरवून रडायला लागलं.

आणि मग वाड्यात जो गोंधळ सुरू झाला, तो काय सांगू! गाय बदलली. दुसरी गाय बदलली. गवळणीला बोल लावले. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. पाळण्याची दिशा फिरवली. वैद्यबुवांनी राणीचं पथ्य बदललं. अहो, राणीचं कशाला? ती पाजत होती का? सगळं सगळं बदललं, पण बोंडलं बदलावं असं एकाच्याही डोक्यात येऊ नये? येणार कसं? ते सगळ्यांत सुंदर होतं ना!

बाळाचं रडणं बारीक होत गेलं. डोळे खोल गेले. वैद्यबुवा म्हणाले, असंच आणखी दोन दिवस चाललं, तर लेकरू हाती लागायचं नाही.

बातमी सोनारआळीत पोचली. येसू म्हणाली, "उठा. वाड्यावर जा आणि सांगा."

"गाईचं दूधही बाधत असेल गं. सगळं माझ्याच माथी कशाला? बघू उद्यापर्यंत."

"उद्यापर्यंत? त्या पोरीला उद्या आहे का?" येसूचा आवाज फाटला. "भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमची भीड तर जिवावर उठली हो!"

तरीही तो उठला नाही. बसून राहिला. ऐरणीकडे बघत बसला, बरं का, राजानं दिलेली शाल पांघरून!

तेवढ्यात वाड्यावरची म्हातारी दाई दुकानात आली. तिच्या हातात ते बोंडलं होतं. "विसूशेट, बाळ याला तोंडच लावत नाही. चोच हिरडीला टोचते का बघा. जरा घासून द्या."

विसूशेटनं बोंडलं हातात घेतलं, चोच बोटानं चाचपली. चोच गुळगुळीत होती. मग त्यानं ते नाकाशी नेलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आंबलेल्या, कुजलेल्या दुधाचा भपकारा त्या चोचीतून येत होता.

मग मात्र तो उठला. शाल तिथेच टाकली, हातोडी आणि छिन्नी घेतली, आणि अनवाणी वाड्याकडे धावला. मागून दाई, तिच्या मागे येसू. राजा, राणी, आत्याबाई सगळे पाळण्यापाशी बसले होते. विसूशेटनं बोंडलं दगडी उंबऱ्यावर ठेवलं आणि छिन्नी उचलली.

"खबरदार!" आत्याबाई किंचाळली. "माझ्या भाचीचं बोंडलं आहे ते!"

त्यानं घाव घातला. दुसरा घातला. जोड उकलला आणि बोंडल्याची दोन शकलं झाली. आत हत्तीच्या पोटात, मोराच्या छातीत, सिंहाच्या डोक्यात सगळीकडे हिरवट-पिवळी साय चिकटून बसली होती. वास सुटला तसा राजानं नाकाला उपरणं लावलं.

"हे रोज बाळाच्या पोटात जात होतं," विसूशेट म्हणाला. "गाईचा दोष नाही, गवळणीचा नाही. माझा आहे."

राणीनं आधी दाईला शिंपलं आणि पाणी उकळून आणायला सांगितलं. दाईनं त्या शिंपल्यानं पाण्याचे दोन थेंब बाळाच्या ओठावर सोडले. बाळानं मान फिरवली नाही. आणखी दोन सोडले. बाळानं ओठ चोखले. तेव्हा कुठे राणी विसूशेटकडे वळली.

"आत असं होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय, राणीसाहेब."

"आधीपासून?"

"आधीपासून. पण बाईसाहेबांना नाही म्हणवेना."

राणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती म्हणाली, "माझ्या लेकीला बोलता येत नाही. तरी तीन दिवस ती मान फिरवून नाही म्हणत होती. तुम्हाला तर बोलता येत होतं!"

विसूशेटनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. राजानं त्याला शिक्षा केली नाही. केली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्या वाक्यानंतर आणखी कसली शिक्षा करणार?

लेकरू पंधरा दिवसांनी सावरलं. महिन्यानं गालही भरले. सोनारआळीचा नेम राजानं राज्यभर लागू केला आणि विसूशेट पुन्हा गुळगुळीत बोंडली ठोकू लागला.

आणि आत्याबाई? ऐका, म्हणजे मी का वैतागते ते कळेल. ती पालखीत बसून परत आली! पदराखालून ती दोन शकलं काढली आणि म्हणाली, "विसूशेट, झालं गेलं गंगेला मिळालं. हत्ती अजून शाबूत आहेत. एवढं जोडून द्या. धाकट्या भावजयीला दिवस गेलेत."

येसूचा भाकरी थापणारा हात थांबला.

विसूशेटनं हातोडी खाली ठेवली, आत्याबाईच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "नाही."

तात्पर्य: जाणत्यानं भिडेपोटी दिलेला होकार शेवटी ज्याला बोलता येत नाही, त्याच्या जिवावर बेततो.