साखर सत्तर

“...आणि पाठीतलं पाणी स्वच्छ. पेशी दीडशे, बहुतेक लिम्फोसाइट. प्रथिनं थोडी वाढलेली. साखर सत्तर. मग हा कुठला मेंदूज्वर?”

घारपुरे मॅडमचं वाक्य संपायच्या आत शार्दूल म्हणाला, “व्हायरल. टीबीचा असता तर साखर उतरली असती. सत्तर म्हणजे नॉर्मल.”

सोमवारी त्याची एम.डी.ची परीक्षा होती. मेंदूज्वराच्या प्रकारांचा सगळा तक्ता त्याला तोंडपाठ होता, आणि हे वॉर्डातल्या सगळ्यांना माहीत होतं.

“पोपट असतास तर एवढ्यावर पेरू मिळाला असता,” मॅडम म्हणाल्या.

शार्दूल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हातातला रिपोर्ट त्याला दिला.

तो बारा दिवसांपूर्वीचा होता, शिनगारे नावाच्या पेशंटचा. खाली पेनाने लिहिलं होतं, ‘व्हायरल. घरी सोडावे.’ सही शार्दूलची.

“शिनगारे? ते तर चालत घरी गेले, मॅडम.”

“आज सकाळी परत आलेत. चल.”

सात नंबरच्या खाटेवर शिनगारे छताकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते. बायको उशाशी बसली होती.

“काल सांजच्यापासनं दिसत न्हाई त्यास्नी,” ती म्हणाली.

मॅडम शार्दूलला म्हणाल्या, “मधुमेह आहे का, विचार.”

त्याने विचारलं.

“साखर? हाय की. सात वर्सं झाली. पयल्यांदा हितं आणलं त्याच सकाळी गावात रगत तपासलं हुतं.” तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. “तुमास्नी दावायचा हुता. पण तुमी लई घाईत हुता, डॉक्टर.”

रक्तातली साखर, दोनशे नव्वद.

मॅडमनी दोन्ही कागद चादरीवर शेजारी शेजारी ठेवले.

शार्दूल बघत राहिला. रक्तात जेवढी साखर, तिच्या निम्म्याहून जास्त पाठीतल्या पाण्यात हवी. इथे पाव भागही नव्हती.

“सत्तर... कमीच होती,” तो म्हणाला. “टीबी.”

“औषधं सकाळीच सुरू केली मी.”

“दिसेल ना त्यांना परत?”

मॅडमनी गावचा कागद उचलून त्याच्या हातात दिला.

“मी विचारलंच नाही... परीक्षेत रक्तातली साखर दिलेली असते, मॅडम.”

“असते.”

शार्दूल शिनगाऱ्यांच्या बायकोकडे वळला. त्याचे हात जोडले जाणार, तोच मॅडमनी त्याचा खांदा धरला आणि त्याला खाटेकडे वळवलं.

“आधी त्यांच्याशी बोल. आणि नाव सांग. कोण आलंय, ते त्यांना दिसत नाही.”